पोरांच्या सामन्याला तिकीट लागतं त्या शहरात

कॅनडातल्या क्वेबेक सिटीकडे आज मोठ्यांचा व्यावसायिक हॉकी संघ नाही. एकेकाळी होता. नॉर्डिक्स त्याचं नाव. १९९५ साली तो विकला गेला आणि अमेरिकेतल्या डेन्व्हरला गेला. तिथे त्याचं नाव कोलोरॅडो ॲव्हलांच झालं आणि पुढच्याच वर्षी त्याने स्टॅन्ली कप जिंकला, म्हणजे ज्या कपाकडे हे शहर सोळा वर्षं डोळे लावून बसलं होतं तोच. तो घाव अजून भरलेला नाही. टॅक्सीत बसून पाच मिनिटं बोललात की विषय निघतोच. २०१५ साली शहराने अठरा हजारांवर माणसं बसतील असं नवं बंदिस्त स्टेडियम उभारलं, आपला संघ परत येईल या आशेवर. संघ आलेला नाही. पण दर फेब्रुवारीत त्याच स्टेडियमच्या बर्फावर अकरा-बारा वर्षांची पोरं उतरतात, आणि शहर तिकीट काढून त्यांचा खेळ बघायला येतं.

'क्वेबेक आंतरराष्ट्रीय पी-वी हॉकी स्पर्धा' हे त्या जत्रेचं नाव. पी-वी म्हणजे अकरा-बारा वर्षांच्या मुलांचा वयोगट. कॅनडाच्या हॉकी संघटनेने २०२० मध्ये असली जुनी नावं मोडीत काढून तेरा वर्षांखालील, पंधरा वर्षांखालील अशी सरळ नावं आणली. या स्पर्धेने मात्र जुनं नाव सोडलं नाही, कारण तिथल्या तीन पिढ्यांच्या तोंडात तेच बसलेलं आहे. १९६० साली ती सुरू झाली. २०२१ मध्ये कोविडमुळे रद्द झाली, त्याच्या पुढच्या वर्षी मे महिन्यात ढकलावी लागली, एवढाच काय तो खंड. दहा-बारा दिवसांत शंभराहून जास्त संघ आणि दोन हजारांवर मुलं खेळून जातात. ती पंधरा-वीस देशांतून येतात. प्रेक्षकांची बेरीज दोन लाखांच्या घरात जाते. शाळकरी मुलांच्या खेळासाठी हा आकडा मला आजही पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो.

आपल्याकडे हॉकी म्हटलं की ध्यानचंद आठवतात आणि मैदान आठवतं. कॅनडात नुसतं हॉकी म्हटलं की बर्फच. आपल्या हॉकीला तिथे 'फील्ड हॉकी' असं मुद्दाम वेगळं सांगावं लागतं. दोनशे फूट लांब आणि पंच्याऐंशी फूट रुंद असा बर्फाचा चौक, चारी बाजूंनी फळ्यांचं कुंपण, कोपरे गोल. एका संघाचे गोलरक्षकासह सहा जण आत. चेंडू नाही. त्याच्या जागी कडक रबराची काळी चकती, पक. तीन इंच रुंद, एक इंच जाड, वजन दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमच्या मध्ये कुठेतरी. सामन्याआधी पक गोठवून ठेवतात, कारण साध्या तापमानाचं रबर बर्फावर उसळ्या मारतं आणि गोठलेलं सरळ सरकत जातं. खेळाडू जीव तोडून पळतात, त्यामुळे पाऊण मिनिटात दम लागतो. तेवढ्यात ते कठड्यावरून बाकावर येतात आणि दुसरे आत उड्या टाकतात. खेळ त्यासाठी थांबत नाही. पहिल्यांदा बघणाऱ्याला नक्की किती जण खेळतायत हेच कळत नाही.

मध्यंतरात झांबोनी येते. हे तिच्या मूळ कर्त्याचं, फ्रँक झांबोनी यांचं आडनाव. ट्रॅक्टरएवढी ही गाडी त्यांनी १९४९ मध्ये चालती केली. ती स्केट्सनी ओरबाडलेला बर्फाचा थर तासून पोटात घेते आणि मागे गरम पाण्याचा पातळ हात फिरवते. गार नाही, गरमच. गरम पाणी खालच्या बर्फाचा वरचा पापुद्रा वितळवून त्याच्याशी एकजीव होतं, त्यात हवाही कमी असते, म्हणून गोठल्यावर पृष्ठभाग काचेसारखा घट्ट होतो. हे मला ओटावात राहणाऱ्या भाच्याने सांगितलं तेव्हा तो आठ वर्षांचा होता.

त्याच भाच्याला मी स्केट्स बांधून द्यायला शिकलो. बहिणीकडे गेलो होतो, सकाळी सहाला रिंकवर पोचायचं होतं, बाहेर उणे वीस. स्केटच्या पात्याला आपण समजतो तशी एक धार नसते. पात्याच्या तळाला लांबभर पन्हाळीसारखी खाच असते आणि तिच्या दोन्ही काठांना धार. एका काठावर वळायचं, दुसऱ्यावर परतायचं. बूट सैल राहिला तर घोटा कलतो आणि काठ बर्फात रुततच नाही. म्हणून नाडी घोट्यापाशी अशी ओढावी लागते की बांधणाऱ्याच्या बोटांवर वळ उठतात. मी माझ्या मते घट्ट बांधली. "मामा, अजून," तो म्हणाला. मी अजून ओढली. "अजून." त्याच्या पायाचं रक्त थांबेल अशी भीती मला, आणि तो शांतपणे हेल्मेटची जाळी लावत बसलेला. त्याच वारीत बहीण म्हणाली, इतका आलाच आहेस तर क्वेबेकची पोरांची स्पर्धा बघून ये, तिकडे सध्या तीच चालू आहे. साडेचारशे किलोमीटर, गाडीने. भाचा अर्थातच बरोबर.

फेब्रुवारीत ते शहर कसं असतं हे सांगितल्याशिवाय ही स्पर्धा तिथेच का रुजली ते कळणार नाही. सेंट लॉरेन्स नदीवर बर्फाचे तुकडे वाहत असतात आणि त्या तुकड्यांमधून माणसं होड्यांची शर्यत लावतात, होडी अडली की उतरून ढकलत नेतात. लाल टोपी घातलेला, बोनोम नावाचा बर्फाचा गलेलठ्ठ माणूस गल्लोगल्ली फिरतो. तो त्यांच्या हिवाळी कार्निव्हलचा राजा, आणि १९५५ पासून हा कार्निव्हल दर वर्षी भरतो. लोक थंडीत दार लावून बसण्याऐवजी रस्त्यावर येतात. जेरार बोल्डुक आणि त्यांच्या सोबत्यांनी १९६० मध्ये मुलांची स्पर्धा घ्यायचं ठरवलं तेव्हा त्यांनी हेच दिवस निवडले. शहरात पाहुणे असतात, माणसं उत्साहात असतात. आणि त्यांनी दुसरी एक गोष्ट केली, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पोरांचे सामने आहेत म्हणून एखादा कोपऱ्यातला रिंक दिला नाही. मोठ्यांचा संघ खेळायचा ते कोलिझे, शहरातलं सर्वांत मोठं स्टेडियम, त्यांनी मुलांना उघडं करून दिलं.

दोनच वर्षांनी, १९६२ मध्ये, थर्सो नावाच्या गावाहून एक मुलगा आला. थर्सो म्हणजे कागदाची गिरणी आणि तिचा वास. मुलगा दहा वर्षांचा. घरच्या रिंकवर पुरेसा सराव मिळत नाही म्हणून तो रविवारी पहाटे बंद रिंकच्या फळीतून आत शिरायचा आणि एकटा खेळायचा. त्याचं नाव गी लाफ्लर. तो सलग तीन वर्षं, १९६४ पर्यंत, या स्पर्धेत खेळला आणि कोलिझेतले लोक त्याचं नाव घेऊन ओरडायला लागले. किशोरवयात तो याच शहराच्या रेम्पार्ट्स संघाकडून, याच स्टेडियममध्ये खेळला. १९७०-७१ च्या एका हंगामात त्याने १३० गोल केले. पुढे मॉन्ट्रियलचा तो देव झाला. आणि कारकीर्दीचे शेवटचे दोन हंगाम खेळायला तो पुन्हा क्वेबेक सिटीतच आला, नॉर्डिक्सकडून. १९९१ साली त्याने खेळ सोडला. शहराने त्याला दहा वर्षांचा असल्यापासून पाहिलेलं होतं. २०२२ मध्ये तो गेला तेव्हा तिथली साठीतली माणसं रडली, त्यात आश्चर्य नाही.

१९७४ मध्ये ओन्टारिओतल्या ब्रँटफर्डचा संघ आला. त्यात नुकताच तेरावा वाढदिवस झालेला वेन ग्रेट्स्की होता. हा मुलगा दहा वर्षांचा असताना एका हंगामात ३७८ गोल करून बसलेला, त्यामुळे वर्तमानपत्रवाले त्याच्या मागे होते. पहिल्या सामन्यात ब्रँटफर्डने टेक्सासमधल्या रिचर्डसन गावाच्या संघाला २५-० असं हरवलं. त्यातले ७ गोल ग्रेट्स्कीचे, आणखी ४ गोलांसाठी पक त्याने पुरवलेला. ही गोष्ट तिथे नेहमी ग्रेट्स्कीच्या बाजूने सांगतात. मला दर वेळी टेक्सासचा गोलरक्षक आठवतो. जिथे तळीही गोठत नाहीत अशा प्रदेशातून आलेला बारा वर्षांचा पोरगा, एवढ्या मोठ्या सभागृहात, पंचवीस वेळा मागे वळून जाळ्यातून पक बाहेर काढतोय. त्या दिवशी तोही खेळलाच की.

ग्रेट्स्कीलाही ते सगळं सोपं नव्हतं. गावी, ब्रँटफर्डला, दुसऱ्या मुलांचे आईबाप त्याला प्रेक्षागारातून हुर्यो करायचे, कारण तो बर्फावर असला की त्यांच्या मुलांच्या वाट्याला पक येत नसे. चौदाव्या वर्षी त्याला घर सोडून टोरांटोला राहायला जावं लागलं. बारा वर्षांच्या पोरावर मोठी माणसं काय काय लादू शकतात, हे या खेळाइतकं उघडं क्वचितच दिसतं.

या स्पर्धेत खेळलेली एक हजाराहून जास्त मुलं पुढे मोठ्यांच्या व्यावसायिक नॅशनल हॉकी लीगपर्यंत पोचली, हे आयोजक अभिमानाने सांगतात, आणि अभिमान वाटावा अशीच ती यादी आहे. लाफ्लर, ग्रेट्स्की, मारिओ लेम्यू. पण याच आकड्याची दुसरी बाजूही हिशेबात धरायला हवी. साठ-पासष्ट वर्षांत इथे लाखभर मुलं तरी खेळली असतील. म्हणजे ढोबळमानाने शंभरात एखादाच पुढे गेला. बाकीच्या नव्याण्णवांसाठी हजारो खुर्च्यांसमोर खेळायची ही पहिली आणि शेवटची वेळ.

आणि बाराव्या वर्षी त्या शंभरातला एक ओळखता येतो का? याचं एक उत्तर कॅनडातच सापडलं. ऐंशीच्या दशकात रॉजर बार्न्सली नावाचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्टातल्या लेथब्रिजला एक सामना बघायला गेले होते. त्यांच्या पत्नी पॉला सामन्याची माहितीपत्रिका चाळत होत्या. खेळाडूंच्या जन्मतारखा बघता बघता त्यांच्या लक्षात आलं की जानेवारी, फेब्रुवारी, मार्च हेच महिने पुन्हा पुन्हा येतायत. बार्न्सलींनी मग निवडक किशोर संघांच्या याद्या तपासल्या. सुमारे ४० टक्के मुलं वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेली, शेवटच्या तीन महिन्यांतली दहाएक टक्केच. हा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. कारण अगदी साधं आहे. कॅनडात हॉकीचा वयोगट १ जानेवारीला बदलतो. २ जानेवारीला जन्मलेला आणि ३० डिसेंबरला जन्मलेला एकाच गटात खेळतात. मोठेपणी वर्षभराच्या फरकाला काही अर्थ नसतो. अकराव्या वर्षी तो दोन-अडीच इंच उंचीचा आणि चारपाच किलोंचा फरक असतो. प्रशिक्षकाला उंच मुलगा हुशार वाटतो, तो निवडला जातो, त्याला चांगला सराव मिळतो, आणि सरावाने तो खरोखर हुशार होतो. ग्रेट्स्की जानेवारीचा. पण लाफ्लर सप्टेंबरचा आणि लेम्यू ऑक्टोबरचा, हेही विसरायला नको. कितीतरी डिसेंबरची पोरं मात्र बाराव्या वर्षाच्या आतच घरी बसली असतील.

उंचीच्या याच फरकातून दुसरा प्रश्न येतो, अंगावर जाण्याचा. हॉकीत प्रतिस्पर्ध्याला खांद्याने फळीवर आदळून पक हिसकावणं नियमात बसतं. त्याला बॉडी चेकिंग म्हणतात. पी-वी वयात एक मुलगा तीस किलोंचा आणि दुसरा साठचा असू शकतो. क्वेबेक प्रांतात या वयोगटात चेकिंगला बंदी होती, अल्बर्टात परवानगी होती. कॅरोलिन एमरी आणि सहकाऱ्यांनी दोन्ही प्रांतांतल्या दोन हजारांवर मुलांचा एक पूर्ण हंगाम मागोवा घेतला. अल्बर्टात दुखापतींचं प्रमाण तिपटीहून जास्त निघालं, डोक्याला मार लागून होणाऱ्या आघाताचंही तसंच. हा अभ्यास २०१० मध्ये आला. अमेरिकेने २०११ मध्ये आणि कॅनडाने २०१३ मध्ये देशभर या वयात चेकिंग बंद केलं. खेळ मवाळ होईल, मुलं नंतर कच्ची राहतील असं तेव्हा पुष्कळांनी म्हटलं. मला विचाराल तर मोठ्यांनी उशिरा का होईना, मुलांसाठी घेतलेला तो योग्य निर्णय होता.

मुलींचं काय? १९८४ पर्यंत या स्पर्धेत एकही मुलगी खेळली नव्हती. त्या वर्षी मानॉ रेओम गोलरक्षक म्हणून उतरली. ती क्वेबेक सिटीजवळच्याच लाक-बोपोर गावची, अजून बारा वर्षांचीही झाली नव्हती. आठ वर्षांनी, २३ सप्टेंबर १९९२ रोजी, तीच रेओम टँपा बे लाइटनिंगच्या गोलात उभी राहिली. तो हंगामापूर्वीचा सराव सामना होता, पण नॅशनल हॉकी लीगच्या संघाकडून खेळलेली ती पहिली बाई. एका सत्रात तिच्यावर नऊ फटके आले, सात तिने अडवले. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये तिला कॅनडाकडून रौप्यपदक मिळालं.

एवढी दोन हजार मुलं राहतात कुठे? बऱ्याच जणांची सोय शहरातल्या घरांत होते. स्पर्धेच्या पहिल्या काळापासून चालत आलेली ही रीत आहे. कुटुंबं नाव नोंदवतात, आणि दोन किंवा तीन अनोळखी पोरं आठवडाभर त्यांच्या घरी राहतात. घरात फ्रेंच, पोरं चेक नाहीतर इंग्रजी बोलणारी. यजमान आई सकाळी उठवते, न्याहारी देते, ओले हातमोजे हीटरवर वाळत घालते. हॉकीचे ओले हातमोजे घरात वाळत घालणं हे किती मोठं प्रेम आहे, ते एकदा वास घेतल्याशिवाय कळणार नाही. कितीतरी घरांत आजीने ठेवून घेतलेले खेळाडू होते, आता नात ठेवून घेते. आपल्याकडे वारीतल्या माणसाला गावोगाव ओसरी मिळते, त्याच्या जवळपासचं काहीतरी मला त्यात दिसलं.

२०२३ मध्ये या रीतीची खरी कसोटी लागली. युक्रेनवर रशियाचं आक्रमण होऊन वर्ष होत आलं होतं. युक्रेनमध्ये पूर्वी हॉकी खेळलेले क्वेबेकचे शॉन बेरुबे यांनी मनावर घेतलं की युक्रेनच्या मुलांचा संघ या स्पर्धेत आणायचाच. मुलं एका जागी नव्हती. आयांबरोबर देश सोडून कुणी कुठल्या देशात, कुणी कुठल्या, अशी युरोपभर पांगलेली. वडील मागे राहिलेले. त्यांना शोधून एकत्र आणलं, व्हिसा मिळवले, सराव करवून घेतला. क्वेबेकच्या घरांनी दारं उघडली. ११ फेब्रुवारीला त्यांचा पहिला सामना बॉस्टनच्या ज्युनियर ब्रुइन्सशी होता. स्टेडियम खच्चून भरलं, जवळपास अठरा हजार माणसं. निळेपिवळे झेंडे वर-खाली सगळीकडे. युक्रेनची मुलं ३-१ अशी जिंकली. त्यातली काही नंतर शिकायला आणि खेळायला क्वेबेकलाच परत आली.

आम्ही गेलो त्या दिवशी असं काही मोठं नव्हतं. सकाळचा सामना, वरचे मजले रिकामे, खाली दोन-तीन हजार माणसं. पण शेजारच्या खुर्चीवरच्या आजोबांचा त्या दोन संघांशी काहीच संबंध नव्हता. त्यांनी दिवसभराचं तिकीट काढलेलं, मांडीवर थर्मास, आणि गोलरक्षकाने चांगला पक अडवला की कुठल्याही बाजूचा असो, ते दोन टाळ्या वाजवायचे. मोजून दोनच.

सामना संपल्यावर बाहेरच्या लांब मार्गिकेत बाजार भरला होता. विकत काही मिळत नव्हतं. प्रत्येक संघ आपल्या चिन्हाचे धातूचे छोटे बिल्ले मुठीमुठीने घेऊन येतो आणि मुलं ते आपसात बदलतात. भिंतीला टेकून दोन मुलं मांडी घालून बसली होती, समोर रुमाल पसरून त्यावर बिल्ले मांडलेले. एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती. त्याने एका बिल्ल्यावर बोट ठेवलं, समोरच्याने दोन बोटं दाखवली. यानं मान हलवली, एक बोट दाखवलं. मग दोघंही थोडा वेळ गप्प. मग समोरच्याने आपल्या रांगेतला एक बिल्ला काढून त्यात भर घातली आणि सौदा झाला.

भाचा कडेला उभा. त्याच्याकडे द्यायला काही नव्हतं. तो स्पर्धेतला खेळाडू नव्हता, तिथे त्याचा संघ नव्हता. पुण्याहून आईने माझ्याबरोबर पाठवलेल्या तिळाच्या वड्या जॅकेटच्या खिशात होत्या, रथसप्तमी व्हायची होती अजून. त्याने माझ्याकडे बघितलं, मी डबी काढून दिली. तो पुढे गेला, वाकला आणि एक वडी रुमालावर बिल्ल्यांच्या रांगेत ठेवली. त्या मुलाने ती उचलून हुंगली. कोपरा चावला. मग अख्खी तोंडात टाकली आणि रुमालावरचा एक लाल बिल्ला बोटाने भाच्याकडे सरकवला. शेजारच्या मुलाने लगेच आपला हात पुढे केला, तळहातावर बिल्ला.